परतीचे टाके

“जाताना एक टाका घालायचा, एका टाक्याची जागा सोडायची. येताना सोडलेल्या जागा भरत यायचं. आणि जी गेली तिनंच परत यायचं हं, मधे दुसरा हात नको.”

वीणाकाकू भरतकाम शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला हे बजावत. करोल बागेत त्यांचं वरच्या मजल्यावरचं घर; खाली गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, वर दुपारभर सुया, रिंगा आणि गप्पा. सुखदा शनिवारी लेकीला, अवनीला घेऊन नोएडाहून मेट्रोनं यायची. अकरा वर्षांची अवनी दिल्लीकडेच वाढलेली. तिला उलट-सुलट सांगायचं तर उल्टा-सीधा म्हणावं लागे. पण बोटं चपळ. दोरा मात्र इतका आवळायची की कापडाला चुण्या पडत.

“अगं, कापड आहे ते, चोर नव्हे. किती बांधून ठेवशील?” काकू म्हणायच्या.

गौरींच्या चौरंगावर घालायला मायलेकींनी पांढरं कापड घेतलं होतं. अवनीनं लाल रेशमानं वेलीची जातानाची ओळ घातली आणि तिला कंटाळा आला.

“आई, परतीचं तू कर ना, प्लीज. त्याच रस्त्यानं वापस, किती बोअर यार.”

“बरं, मी भरीन,” सुखदा म्हणाली. अवनीनं तिच्या हातावर टाळी मारून वचनच घेतलं.

त्याच आठवड्यात अवनीला ताप भरला. तो उतरलाच नाही. त्या वर्षी घरात गौरी बसल्या नाहीत.

सुखदाचे नेम मात्र चुकले नाहीत. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे निरांजन. पुढे एकदा निरांजन लावून झाल्यावर तिनं ते कापड मांडीवर घेतलं. अवनीच्या ओळीतल्या मोकळ्या जागा भरायला हात धजेना. मग तिनं खाली स्वतःची नवी ओळ घातली, जातानाचीच, आणि कापड घडी करून देवघराच्या फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी उलगडून पाहते तो तिच्या ओळीतल्या जागा भरलेल्या. टाके आवळलेले. कापडाला चुण्या.

नवऱ्यानं, पुष्करनं, सगळं ऐकून घेतलं. तूच भरलं असशील, तुला धड झोप नाही, असं समजावलं. मग तिनं घातलेल्या पुढच्या ओळीचा त्यानं मोबाईलवर फोटो काढला, कापड कपाटात बंद केलं आणि किल्ली ऑफिसला घेऊन गेला. संध्याकाळी कपाटही त्यानंच उघडलं. बराच वेळ तो त्या चुण्यांवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

“चल, जेवून घेऊ,” एवढंच म्हणाला. पुन्हा त्यानं त्या कापडाचं नाव काढलं नाही.

सुखदाला भीती वाटली नाही. देवाला आपली दया आली, असंच तिला वाटलं. रोज नेमानं ती जातानाची ओळ घालायची, रोज ती भरून मिळायची. लेक येत होती. आईला आणखी काय हवं?

थंडी पडली. बाहेरच्या धुरकट हवेमुळे घराच्या खिडक्या बंद झाल्या, आणि टाके बदलू लागले. आधी सैल पडले. मग वाकडे. एका सकाळी पांढऱ्या कापडावर बारीक तपकिरी ठिपके दिसले, सुई बोटात शिरल्यावर उमटतात तसे. सुखदानं आपली बोटं निरखून पाहिली. एकालाही टोचलेलं नव्हतं.

ती कापड घेऊन काकूंकडे गेली. काकूंनी ते सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं आणि चटकन तिच्या मांडीवर परत ठेवलं. वरची ओळ मोकळी का ठेवलीस, असं त्यांनी विचारलं. सुखदानं अथपासून इतिपर्यंत सांगितलं.

“मला काय कळतंय यातलं,” काकू म्हणाल्या. “पण दमलेल्या हाताचे टाके मी ओळखते गं. तिची ओळ अर्धी ठेवून किती राबवशील पोरीला?”

“मी तिची ओळ भरून टाकली, तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हो ना?”

काकू उठून चहा ठेवायला गेल्या. चहा झाला, कपात आला, प्यायलाही गेला. काकूंनी कप विसळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदानं निरांजन लावलं. आज नवी ओळ घातली नाही. पुष्कर दारात येऊन उभा राहिला, तिच्या हातातलं लाल रेशीम पाहिलं आणि आत वळला.

वेलीच्या टोकाशी, जिथे अवनी थांबली होती, तिथे सुखदानं सुई खालून वर काढली.

दोरा अर्धा आला आणि थांबला.

तिनं कापडाखाली हात घालून पाहिलं. गाठ नव्हती. गुंता नव्हता. दोरा ताठ होता.

मग खालून तो किंचित मागे ओढला गेला.

“सोड, बाळा,” सुखदा हळूच म्हणाली, आणि दोरा ओढू लागली.