एकाच जागेवरची मोजणी

"फक्त चाळीस?" ऊर्मी ओरडलीच.

रत्नागिरीच्या सागरतळ केंद्रातला तपासनीस रोबो ढिम्म होता. "अंगठ्याच्या स्नायूत चाळीसच प्रेरक एककं (एक चेतातंतू आणि त्याच्या हुकमावर आखडणारे स्नायूतंतू) उरली आहेत. साठांहून कमी असतील तर पाणबुडी चालवता येत नाही."

ऊर्मीची चित्राआत्या बारा वर्षं पाणबुडी चालवत होती. हाताच्या नसेच्या आजारातून ती नुकतीच उठली होती. ती मान खाली घालून बसली. ऊर्मीचं मात्र डोकं सणकलं.

"मोजलंस कसं?"

"जोराचा विजेचा झटका दिला. सगळी एककं एकदम जागी झाली. आठ हजार मायक्रोव्होल्ट (विद्युतदाबाचं छोटं माप). मग एकेकटं एकक जागं होईल असे हलके झटके दिले. एकेकाची सरासरी दोनशे. आठ हजार भागिले दोनशे, चाळीस."

ऊर्मीचे आजोबा नसांचे शास्त्रज्ञ. ते पुढे सरकले. "हलके झटके किती? कुठे?"

"तीन. मनगटावर, एकाच जागी."

"तीन!" आजोबांचा आवाज चढला. "अरे, टोपलीतले वरचे तीन मोठे बांगडे उचलून सरासरी काढलीस, आणि टोपलीच्या वजनाला तिने भागलंस, तर मासे कमीच भरणार! आजारात काही चेतातंतू मरतात. मग शेजारचे तंतू त्यांचे स्नायूतंतू सांभाळायला घेतात, आणि ती एककं फुगतात. तुला नेमकी तीच सापडली असतील."

"मग जागा बदल की!" ऊर्मी म्हणाली. "दुसऱ्या जागी दुसराच तंतू आधी जागा होईल ना?"

आजोबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "होईल."

रोबोने कुरकुरत मनगटापासून कोपरापर्यंत बारा जागी झटके दिले. आत्या प्रत्येक वेळी दचकत होती, पण हात हलवत नव्हती. या वेळी सरासरी आली ऐंशी.

"आठ हजार भागिले ऐंशी, म्हणजे शंभर!" ऊर्मीने उडीच मारली.

"शंभरच असं नाही," आजोबा म्हणाले. "हा अंदाज आहे. पुन्हा मोज."

दुसऱ्यांदा ब्याण्णव आले, तिसऱ्यांदा एकशे सात.

"साठांहून जास्त, तिन्ही वेळा," रोबो म्हणाला. "परवाना मंजूर."

आत्याने ऊर्मीला छातीशी धरलं. तिचे डोळे भरून आले होते. पण ऊर्मीचा राग अजून ओसरला नव्हता.

"यंदा आणखी किती जणांना असं एकाच जागी मोजून घरी पाठवलंस?"

रोबोने नोंदी चाळल्या. "अठरा."

"त्यांची नावं काढ," ऊर्मी खुर्ची ओढत म्हणाली. "सगळ्यांना आजच फोन लावायचे."