हिरव्या कागदातला साबण

बुधी दारातच उकिडवी बसली. खुर्ची दिली तरी उठली नाही.

"माझ्या पोराला सोडव, बाय. चांगोनं चिमाला नाय मारलं."

शहापूरच्या बाजारपेठेत, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत रेश्मा देसलेचं ऑफिस होतं. लग्नाआधीची चौकशी, विम्याची चौकशी, अशी कामं ती करी. खुनाचं काम पहिलंच. तिचे मामा महिपत, निवृत्त एस.टी. कंडक्टर, कायम तिच्यासोबत असत. आपणच हिला सांभाळतो, असं त्यांना वाटे.

बुधी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली. तिची सून चिमा काल सकाळी ओहोळातल्या खडकापाशी मरून पडलेली सापडली. शेजारी तांब्या, कपडे आणि साबणाची नवी वडी. आंघोळ करताना पाय घसरला असावा, असं दिसत होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, घाव मागून घातला आहे आणि पाण्यात पडण्याआधीच जीव गेला आहे. आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं भांडण सगळ्या पाड्यानं ऐकलं होतं. पोलिसांनी चांगोला उचललं.

"भांडण कशावरून?" रेश्मानं विचारलं.

"चिमा खर्डीला ज्ञानेश्वर शेटच्या गोदामात तांदूळ पाखडायला जायची. रेशनचा तांदूळ गोनी बदलून विकतात म्हनाली. तशिलदाराला सांगते म्हनाली. चांगो म्हनला, गप ऱ्हा, काम जाईल. रागानं निघून गेली ती आलीच नाय."

"पहाटे परस्पर आंघोळीला गेली असेल," मामा म्हणाले.

"नाय दादा. आंघोळीला गेलीच नाय ती."

"तुला कसं कळलं?"

बुधीनं मान खाली घातली. "ते तोंडानं नाय सांगायचं." मग म्हणाली, "आनि तिचा उजवा हात मोकळा व्हता. समद्या बांगड्या फुटलेल्या. आमी खडकावर शोधलं, काचेचा एक तुकडा नाय."

दुपारी रेश्मा आणि मामा पाड्यावर गेले. आधी गाठलं शेजारच्या विठूला. मोहाच्या झाडावरून त्याचा आणि चिमाचा जुना तंटा होता.

"भांडलो तर! दर साली भांडतो," विठू म्हणाला. "म्हनून काय मारीन? तिच्या हातची भाकर खाल्लीय मी."

मामांनी मोबाइल पुढे केला. पोलिसांनी काढलेला खडकाजवळचा फोटो. हिरव्या कागदावर हसणारी बाई, शेजारी वडी.

विठू झटकन उठला. "ते नको दावू, दादा."

"अरे, साबणाला भितोस होय? महिनाभर आंघोळ केली नाहीस वाटतं!"

विठू हसला नाही. तोंड फिरवून उभा राहिला. रेश्मा मात्र त्याच्या न्हाणीकडं पाहत होती. करवंटीत लाल साबणाचा तुकडा होता. बुधीच्या न्हाणीतही तसाच.

संध्याकाळी दोघं खर्डीला ज्ञानेश्वरच्या दुकानात पोचली. मुरबाडहून येऊन त्यानं दोन वर्षांपूर्वी दुकान टाकलं होतं.

"चिमा? चांगली बाई हो, मॅडम. सापडली त्याच्या आदल्या सांजेला हा साबण नेला तिनं. मीच पिशवीत घातला." त्यानं फळीवरून हिरवी वडी काढून ठेवली. 'चंपाराणी. रोज नव्याने फुला.'

"पाड्यावर हाच चालतो का?" रेश्मानं विचारलं.

"जीव की प्राण! कंपनीचा माणूस पण हसतो, म्हणतो जंगलात कोण घेतं? वेळ नाय, काळ नाय, येऊन दार वाजवतात. नाव घेत नाय, नुसतं बोट दाखवतात. मिठाच्या पुडीला घासाघीस करतील, पण याचा भाव करत नाय."

"एका वेळी किती नेतात?"

"एकच. कधी महिन्यात तीनदा येतील, कधी चार-चार महिने कोण विचारत नाय. लहरी माणसं!"

परत येताना रेश्मा पुन्हा पाड्यावर थांबली. तिनं बुधीच्या कानात काहीतरी विचारलं. बुधीनं आधी मान हलवली, मग हळूच तिच्या कानात सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मानं फौजदारांना ज्ञानेश्वरच्या दुकानात बोलावून घेतलं.

"साहेब, हा साबण कंपनीनं रोजच्या आंघोळीसाठी बनवलाय. पाड्यानं त्याचं काम बदललं. बुधीची सासू वारली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला कुणीतरी बाजारातून ही वडी आणली. म्हातारीला जाताना तरी सुवास मिळाला, म्हणून बायकांना बरं वाटलं. पुढच्या मयतालाही हीच आणली. आता ती फक्त मयताच्या आंघोळीला वापरतात. जिवंत माणूस ती अंगाला लावत नाही, घरात ठेवत नाही. नाव घेतलं तर मरण घरी येतं म्हणतात."

मामांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. "म्हणून विठू..."

"म्हणून रात्री-अपरात्री दार वाजतं. म्हणून भाव होत नाही. मयताच्या सामानाचा भाव कोण करतं?"

"पण पाड्यातल्याच कुणी मारून, शेवटच्या आंघोळीची म्हणून वडी ठेवली असेल तर?" फौजदार म्हणाले.

"तर ती चिमानं विकत घेतली, असं या दुकानदाराला खोटं सांगावं लागलं नसतं. त्या दिवशी पाड्यात कुणी मेलं नव्हतं. चिमाला ही वडी घ्यायचं कारणच नव्हतं. तरी तिनं घेतली, असं एकच माणूस सांगतो. ही पाड्याची आवडती वडी, असंही तोच समजतो. त्यानं ती नेताना पाहिली, वापरताना कधीच पाहिली नाही. म्हणून आंघोळीचा देखावा करायला त्यानं खडकावर हीच वडी ठेवली. चिमा त्या संध्याकाळी तहसीलदाराआधी याच्याकडं आली असणार, जाब विचारायला. खडकावर काच नव्हती, साहेब. गोदाम बघा."

किल्ली मागितली तेव्हा ज्ञानेश्वरनं आधी चुकीची काढून दिली.

न पाखडलेल्या तांदळाच्या ढिगात बांगड्यांच्या हिरव्या काचेचे तुकडे सापडले. ढिगाखालच्या फरशीवर वाळलेलं रक्त होतं.

संध्याकाळी चांगोला सोडलं. तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर आला आणि तिथंच थांबला. दाढी वाढलेली, हातात चपला.

"सुटलास बाबा," मामा म्हणाले. "चल, रिक्षा उभी आहे. घरी जाऊ."

"घरी कोन हाय?" चांगो म्हणाला.

बुधी दिवसभर फाटकाशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं त्याच्या हातातल्या चपला घेऊन खाली ठेवल्या.

"मी हाय ना रं," ती म्हणाली. "घाल."

त्यानं एक पाय पुढं केला. दुसरा कितीतरी वेळ केला नाही.