तीन हिसके

बसा. दिवा आहे तिथेच राहू द्या. मला फार बोलायची सवय नाही. एकदाच सांगतो, मध्ये विचारू नका.

माझी सगळी उमर अग्निशामक दलात गेली. लहान गाव, लहान ठाणं, एकच बंब. कामंही तशीच. गवताची गंजी पेटायची, गाय विहिरीत पडायची, कोणाच्या पोराचं डोकं खिडकीच्या गजात अडकायचं. लोक हाक मारायचे, आम्ही जायचो. आभार मानायला कोणी थांबलं नाही तरी चालायचं.

ठाण्याचा प्रमुख मी. हाताखाली तीन माणसं, त्यातला एक माझा जावई. मला लेक एकच. तिची आई लवकर गेली, म्हणून लग्नानंतर दोघं माझ्याच घरी राहिली. बंबाच्या ड्रायव्हरला आम्ही भोंगा म्हणायचो. त्याचा आवाज असा की बंबाला घंटा लावायची गरज पडू नये. तो जावयाला उठता बसता छळायचा.

"काय घरजावई, सासऱ्याच्या घरचं जेवण अंगाला लागतंय का?"

"लागतंय की," जावई म्हणायचा. "फक्त मामा समोर बसून घास मोजतात, तेवढा एक घास घशात अडकतो."

मी ऐकलं नाही असं दाखवायचो. पोरगा चांगला होता. लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिची तो फार काळजी घ्यायचा. मी कधी तोंडावर बोललो नाही, पण त्याला मी लेकासारखाच धरला होता.

त्या दुपारी आम्ही पाइप धुऊन उन्हात पसरत होतो. फोन आला. गावाबाहेरच्या जुन्या कोल्ड स्टोरेजमधून धूर येतोय. धूर थोडाच होता. अर्ध्या तासात परत येऊ म्हणून भोंग्याने चुलीवरचा चहाही उतरवला नाही.

ती इमारत तुम्ही पाहिली नसेल, आता पाडली. पूर्वी तिथे बटाटे ठेवत. जाड भिंती, एकही खिडकी नाही, एकच लोखंडी दार. मालकाने धंदा बंद केल्यावर दाराला बाहेरून कुलूप पडलं ते कोणी काढलं नव्हतं. वीजही तोडलेली. आग लागावी असं आत काही नव्हतं. तरी दाराच्या फटीतून काळा धूर गळत होता. धुराला जळक्याचा वास नव्हता. सडलेल्या बटाट्यांचा होता, आणि त्याखाली गारव्याच्या यंत्रातल्या जुन्या गॅसचा, नाकाला झोंबणारा.

राखणदार दारापासून लांब उभा होता.

"साहेब, आत कोणीतरी आहे."

"कुलूप तर बाहेरून आहे."

"ऐका ना..."

आम्ही ऐकलं. आतून धडका बसत होत्या. मुठीच्या नव्हत्या. कोणी अख्खं अंग दारावर घालावं, मागे जावं, पुन्हा घालावं, तशा. कुलपाला हात लावला तसा आवाज थांबला.

"एखादा हमाल छतातून उतरून झोपला असेल," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मी बारीक ऐकला.

कुऱ्हाडीने कुलूप तोडलं. दार उघडलं. बाहेर भर ऊन, पण उजेड उंबऱ्याच्या आत शिरलाच नाही.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. धुरात माणूस शोधायला एकजण जातो. तोंडावर मास्क, पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक बाहेरच्यांच्या हातात. आत गेलेल्याने एक हिसका दिला तर तो ठीक आहे. दोन दिले तर दोर सैल सोडायचा. तीन दिले की सगळ्यांनी मिळून ओढायचं. मग थांबायचं नाही. आतला ओरडला, हाड मोडलं, काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलं तर प्रेतच निघतं. हा नियम मी प्रत्येकाच्या डोक्यात शिव्या घालून बसवला होता.

मी स्वतः दोर बांधायला घेतला. जावयाने तो हातातून काढून घेतला.

"मामा, तुम्हाला धुरात खोकला येतो. आतला माणूस शोधायचा की तुम्हाला?"

मी त्याच्या कमरेची गाठ दोनदा ओढून पाहिली. तो आत गेला. तीन पावलांत दिसेनासा झाला.

एक हिसका. ठीक. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग दोन. मी दोर सोडला. तो आत सरकत राहिला. पुन्हा दोन. पुन्हा दोन. वेटोळं माझ्या पायाशी कमी होत गेलं. खोली केवढी ते मला ठाऊक होतं, तरुणपणी मी तिथे पोती वाहिली होती. तेवढी लांबी कधीच संपली होती. तरी दोर सरळ, न वळता, आत चालला होता.

"नाना," भोंगा मला म्हणाला, "हा भिंतीतून पलीकडे गेला की काय?"

तेवढ्यात तीन हिसके बसले.

आम्ही तिघांनी दोर धरला, राखणदारही आला. ओढला, आणि पलीकडून कोणी ओढला. मी बैल आवरलेत, विहिरीतून म्हैस काढलीय. तसला जोर मी पाहिला नव्हता. भोंगा पुढे होता. दोर त्याच्या तळहातांतून मागे गेला आणि कातडी घेऊनच गेला. तो ओरडला, पण सोडला नाही. आमच्या तिसऱ्या माणसाचा खांदा निखळला, मला आवाज ऐकू आला. आम्ही टाचा रोवल्या. दोर रक्ताने ओला होऊन निसटू लागला. मग हळूहळू, हात हात करून, आमच्याकडे येऊ लागला.

आणि आत जावई किंचाळला.

दोराचं टोक खोल आत होतं. पण किंकाळी आली ती दाराजवळून.

"ओढत राहा," मी म्हणालो, आणि ओला पंचा तोंडाला बांधून कुऱ्हाड घेऊन आत शिरलो.

आत डोळे उघडे काय नि मिटलेले काय. एक हात दोरावर ठेवून वाकून चाललो. थोड्याच पावलांवर पाय मऊ गोष्टीला लागला. तो जावई होता. मास्क उपटलेला, तोंड रक्ताने भरलेलं. त्याचा पाय गुडघ्यापासून जाऊ नये त्या दिशेला गेला होता. मी त्याच्या कमरेला हात लावला. दोर नव्हता.

"मामा... त्याने गाठ सोडली..."

"कोणी?"

"बांधून घेतली... स्वतःला..."

माझ्या बुटाला घासून दोर दाराकडे सरकत होता. बाहेर माझीच माणसं, माझाच नियम पाळत, जीव खाऊन ओढत होती. मी ओरडलो, "थांबा! ओढू नका!" कोणी थांबलं नाही. थांबू नका असं मीच शिकवलं होतं.

अंधारात जड काहीतरी फरशीवर घसटत येत होतं. घाईने येत होतं. आता ते खेचलं जात नव्हतं, स्वतःच धावत होतं.

मी कुऱ्हाड उचलून दोरावर घातली. पहिला घाव फरशीवर बसला. दुसऱ्याला दोर तुटला. बाहेर सगळे एकमेकांवर पडल्याचं ऐकू आलं. मी जावयाला काखेतून धरून ओढला, तेवढ्यात तो माझ्या हातात ताणला गेला. त्याचा मोडका पाय कोणी धरला होता. तो ज्या आवाजात रडला तो मला अजून ऐकू येतो.

मी पायाच्या पलीकडे कुऱ्हाड मारली. पातं रुतलं. बटाट्याच्या पोत्यात रुतावं तसं रुतलं, मग हाडावर थांबलं. ओरडणं नाही, कण्हणं नाही. फक्त कुऱ्हाड माझ्या हातातून शांतपणे काढून घेतली गेली. मग छातीवर असा तडाखा बसला की मी मांडणीवर जाऊन आदळलो. बरगड्या मोडल्या, त्या जुळून आजही वाकड्याच आहेत. मांडणी कोसळली. त्या गडबडीत जावयाचा पाय सुटला. मी त्याला छातीशी घेऊन उजेडाकडे रांगलो. किती वेळ, माहीत नाही. मागे वळून पाहिलं नाही.

शुद्ध आली तेव्हा मी बंबाच्या सावलीत पडलो होतो. छातीत हवा जात नव्हती. धूर निघायचा थांबला होता.

"पोरगा?"

"जिवंत आहे, नाना," भोंगा म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. "ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. त्या हमालालाही त्यातच बसवला."

"कुठला हमाल?"

"तुमच्या मागोमाग आला तो. तुम्हीच काढलात ना त्याला? तुमचा पट्टा धरूनच बाहेर आला. काळाठिक्कर, नाकडोळे काही कळत नव्हते. राखणदाराने पाणी दिलं तर हंडाभर प्यायला. खांद्यात ही एवढी खोक... रक्त मात्र नाही. आम्ही म्हटलं, भाजल्यामुळे सुकलं."

"भोंग्या, माझ्या मागे माणूस नव्हता."

तो हसायला गेला. माझं तोंड पाहून थांबला. मग चिंध्या बांधलेल्या हातांनीच त्याने बंब चालू केला. दवाखान्यापर्यंत घंटा वाजवत होतो, लोक बाजूला होत होते, आणि मी मनात एकच म्हणत होतो, गाडीचं दार उघडेन तेव्हा आत पोरगा असू दे.

पोरगा होता. डॉक्टर त्याला आत घेत होते. पाय जाईल म्हणाले, जीव राहील. लेक माझ्याआधी पोचली होती, पोट धरून बाकावर बसली होती. मला पाहून उठली आणि माझ्या राख लागलेल्या सदऱ्यात तोंड घातलं. पाय गेला तर जाऊ दे, मी म्हणालो. जे मागायचं ते मला मिळालं होतं.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बाहेर बिडी ओढत होता.

"दुसरा कुठे आहे?"

"तो होय? मध्येच उतरला. दार ठोठावायला लागला म्हणून गाडी थांबवली. बोलला काही नाही, हाताने दाखवलं, घर आलं म्हणून."

"कुठे?"

त्याने सांगितलं. आमच्या गल्लीचं तोंड.

मी लेकीकडे गेलो. "घराला कुलूप लावलंस?"

"कुलूप कसलं, बाबा? निरोप आला तशी दार नुसतं ओढून धावले."

मी तिला तिथेच बसवलं. भोंग्याला दाराशी उभं केलं, तिला एकटी सोडू नकोस म्हणालो. आणि घरी गेलो. दिवस अजून मावळला नव्हता. गल्लीत पोरं खेळत होती. माझ्या घराचं दार बंद होतं. ढकललं. हललं नाही. आतून कडी होती. आमच्या घराला मागचं दार नाही.

आमच्या कामात बंद दार फोडण्याआधी त्यावर हाताची उलटी बाजू टेकवून पाहतात. पलीकडे आग असेल तर कळतं, आणि तळवा भाजत नाही. मी टेकवली. दिवसभर उन्हात तापलेलं दार. बर्फासारखं गार होतं. मी हात काढला नाही. कान लावून उभा राहिलो. आत काही आवाज नव्हता. मग खांद्याने दार फोडलं, बरगड्या मोडलेल्या असताना.

घर रिकामं होतं. भांडी जागच्या जागी. लेकीने बाळासाठी शिवायला काढलेले कपडे खाटेवर तसेच. खिडक्यांचे गज शाबूत. मी माळा पाहिला, खाटेखाली पाहिलं, कोनाडेही पाहिले.

मग परत वळलो आणि फुटलेल्या दाराची आतली बाजू दिसली. माझा हात बाहेरून टेकला होता नेमका त्याच उंचीवर तिथे काजळीचा ठसा होता. ओला होता. तळव्याचा नव्हता. हाताच्या उलट्या बाजूचा होता.