वहिनीसाठी ट्युना

सिडकोतल्या त्या मोठ्या दुकानात मंजुषानं ट्युनाचे चार डबे टोपलीत टाकले, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"एवढे सगळे तुम्हीच खाणार?"

तिनं वळून बघितलं. उंच, किडकिडीत, चष्मेवाला. हातात मक्याच्या दाण्यांचा डबा आणि चेहऱ्यावर 'उगाच बोललो' असा भाव.

"का? तुम्हाला देऊ एखादा?"

"छे! मी मासे खात नाही. फक्त वाटतो."

"...वाटता?"

"मिक्सरमध्ये. चिकलठाण्याला लॅबमध्ये आहे मी, खाण्याच्या वस्तू तपासतो. आमच्या घरात कधी अंडं शिरलं नाही आणि मी दिवसभर बांगडे वाटतो. आई दारातच हातपाय धुवायला लावते."

मंजुषाला खुदकन हसू आलं. अनोळखी माणसाशी बोलत उभं राहणाऱ्यातली ती नव्हती, पण आज पाय काही हलेनात. त्याचं नाव हिमांशू, हेही तिनं विचारून घेतलं.

"एक सांगू?" तो अडखळत म्हणाला. "हा पांढरा ट्युना मोठ्या जातीचा. मोठा मासा जन्मभर लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. धुऊन, शिजवून तो जात नाही. आठवड्यातून एखादा डबा ठीक आहे. पण लहान मुलं असतील, किंवा... घरात कोणी गरोदर आहे का?"

मंजुषाच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं.

दीपमाला वहिनीला पाचवा महिना होता. मागच्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं आणि त्यानंतर कित्येक दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रोटीन वाढवा. मंजुषानं लगेच पदर खोचला. समुद्र इथून कुठल्या कुठं, ताज्या माशाचा तिला भरवसा वाटेना, म्हणून डबे. त्यातही महागातला पांढरा, कारण महाग ते चांगलंच असणार! घरात वार पाळायचे. सोमवार घृष्णेश्वराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्या दिवशी जे राहायचं त्याची भरपाई ती दुसऱ्या दिवशी करायची आणि वहिनी बिचारी नाक दाबून खायची.

"तीन आठवडे झाले," ती कशीबशी म्हणाली. "मीच खाऊ घातलं... माझ्या हातानं."

"तीन आठवडे म्हणजे फार नाही. रक्ताची तपासणी होते. उद्याच डॉक्टरांकडे जा."

"आणि वहिनीला काय सांगू?"

"जे झालं ते सगळं सांगा."

"तुम्हाला सोपंय बोलायला. तुम्ही नुसतं वाटता." तिचे डोळे भरून आले. "याल का सोबत? मला त्यातलं काहीच कळत नाय."

"येतो," तो म्हणाला. इतक्या पटकन, की त्याचा तोच लाजला.

संध्याकाळी गच्चीवर मंजुषानं वहिनीला एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनीचा हात आपसूक पोटावर गेला.

"ताई, लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "पण तुम्ही लपवलं नाय, ते बरं केलं. उद्या जाऊ. आईंना रिपोर्ट आल्यावर सांगू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हिमांशूनं डॉक्टरीणबाईंना डब्यावरचा माशाचा प्रकार नीट समजावून सांगितला. रक्त पुण्याला गेलं. रिपोर्टला वेळ लागणार होता.

त्या दिवसांत मंजुषाला घास गोड लागेना. वहिनी जरा कण्हली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. एकच आधार होता. रोज संध्याकाळी हिमांशूचा फोन यायचा.

"जेवलात?"

"तुमचं काय ते आधी सांगा. आज काय वाटलं?"

"हळद."

"बरं झालं. आज आई घरात घेईल."

तो हसायचा आणि तिला तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. पुढं पुढं तर दुपार कलली की ती फोन घेऊनच बसायला लागली... रिपोर्टसाठी, असं ती स्वतःला बजावायची.

रिपोर्ट आला. पारा थोडा चढलेला होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. "हा डबा बंद केला की हळूहळू उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाची वाढ छान आहे. मासे सोडू नका मात्र. तारली, बांगडा असले छोटे मासे आठवड्यातून दोनदा खुशाल खा."

घरी आईला सगळं सांगितलं. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि मग मंजुषाच्या तळहातावरही ठेवली. मंजुषा हमसून हमसून रडली. तिनं हिमांशूला फोन लावला आणि रडतच म्हणाली, "तुमचे उपकार मी जन्मात विसरायची नाय."

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला नाही. तिसऱ्याही नाही.

चौथ्या संध्याकाळी अवकाळी पाऊस भुरभुरत होता. लॅबच्या फाटकातून हिमांशू बाहेर आला तर समोर मंजुषा. केसांवर थेंब, नाकाच्या शेंड्यावर राग.

"फोन का नाय केला?"

"रिपोर्ट चांगला आला ना... काम झालं."

"काम?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा ओला होऊ दिला. "तुम्ही उपकार म्हणालात. त्यानंतर मी काही विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. मला तसं नको होतं."

"काय विचारणार होतात?"

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पाऊस जरा वाढला.

"व्हय, विचारा की!"

"मला तुम्ही... लई आवडता," तो म्हणाला. त्याच्या शुद्ध तोंडात 'लई' इतकं अवघडून आलं, की तिचा राग तिथंच विरघळला. "पण तुमचं उत्तर आभारातून यायला नको."

मंजुषानं पर्समधून पेढ्यांचा पुडा काढून त्याच्या हातात दिला.

"हे वहिनीकडून. तिचे आभार. हा आईचा निरोप, रविवारी घरी जेवायला या. हे तिचे आभार."

"आणि तुमचे?"

"माझे नाय आणले." तिनं आपला ओला, रिकामा हात त्याच्यासमोर धरला. "मी अशीच आलेय."