काळ्या कालवडीचं दावं

ही गोष्ट खरी आहे. हरेश्वरमामांनी ती घरात एकदाच सांगितली आणि पुन्हा विषय काढू दिला नाही.

साल एकोणिसशे अठ्ठावन्न. काशीदजवळ, सुरूच्या बनामागं एक रिकामं गोदाम होतं. आसपासच्या गावांत गुरं पटापट मरत होती. मामा गुरांचे डॉक्टर. रोग बुळकांडीच आहे का, हे ठरवायला त्यांना तिथं धाडलं होतं.

तपासायची रीत सोपी, पण निर्दय. दोन वासरं घ्यायची. एकाला बुळकांडीची लस आधीच टोचलेली, दुसऱ्याला नाही. दोघांनाही आजारी गुराचं रक्त टोचायचं. बिनलशीचं तेवढं मेलं, की रोग बुळकांडीच.

बिनलशीची होती गावातल्या नीराबाईची काळी कालवड.

रोग बाहेर पडू नये म्हणून दाराला कडी बाहेरून. राखणदार गुणाजी ती लावायचा. मामा आत जाऊन वासरांचा ताप बघत, बाहेर येऊन फिनाईलनं हातपाय धूत. मग सकाळपर्यंत दार बंद.

त्या तिन्हीसांजेला मामांच्या डोळ्यांदेखत कालवडीनं मान टाकली. त्यांना फार वाईट वाटलं. पण निदान झालं होतं. त्यांनी दार ठोठावलं.

"गुणाजी, कडी काढ."

कडी निघाली नाही.

"अरे, बहिरा झालास का?"

दारापलीकडून... अगदी हळू आवाज आला.

"सायेब तर मगाशीच भायेर आले. हातपाय धुतले. कालवड घेऊन गेले. तू कोन हाईस?"

मामांनी मागं पाहिलं. कालवड तिथंच पडली होती.

गळ्यातलं दावं मात्र... नव्हतं.

"मीच आहे रे! कुठं गेला तो?"

"नीराबायच्या गोठ्यात. कालवड बरी झाली म्हनले."

नीराबाईचा गोठा भरलेला. एकाही गुराला लस नव्हती.

मामांनी दाराला धडका दिल्या, शिव्या घातल्या, शेवटी रडले. पण तिन्हीसांजेला बंद घरातून हाक आली तर ओ द्यायची नाही, हे गुणाजीला आईनं शिकवलेलं. तो लांब जाऊन बसला. आत अंधारात उरलेलं वासरू रात्रभर मामांना चिकटून थरथरत राहिलं.

उजाडल्यावर कडी निघाली. मामा धावत सुटले ते थेट नीराबाईच्या गोठ्यात.

गुरं शांत रवंथ करत होती. कोपऱ्यातल्या खुंट्याला नुसतं दावं... फिनाईलनं ओलं.

"रातीला तुमीच बांधून गेलात की," नीराबाई म्हणाली. "आता बगते तर कालवड न्हाय."

मामांनी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. त्यावर मेलेल्या कालवडीची लाळ वाळली होती. घाईत ते हातपाय धुवायचे राहिले होते.

रात्री जो आला, तो धुऊन आला होता.

महिन्याभरात नीराबाईचा गोठा रिकामा झाला.

पुढं जन्मभर मामा घरी आले की दाराबाहेरूनच विचारायचे, "मी आत नाही ना?" आम्ही हसायचो.

एका संध्याकाळी मामी आतून म्हणाल्या... "अहो, आत्ताच तर आलात!"

मामा त्या रात्री ओटीवरच झोपले. आत कोण जेवून गेलं, ते मामी अजूनही सांगत नाहीत.