राहण्यास योग्य

तुम्ही त्या घरात पाऊलही न टाकता शिक्का मारलात. ‘जुनी वास्तू, दुरुस्त केलेली, राहण्यास योग्य.’ नगरपालिकेच्या खुर्चीत बसल्या बसल्या सही ठोकलीत आणि जेवायला गेलात. मुग्धा त्या सहीवर विसंबली. आता तिची हकीगत वाचा, आणि जेवणाआधी वाचा; नंतर वाचलीत तर पोटात राहणार नाही.

मुग्धा शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या मसाल्याच्या फॅक्टरीत बारा वर्षं माल तपासते. तपासते म्हणजे हुंगते. कुबट धणे, पाणी लागलेली मिरची, रंग मारलेली हळद, तिच्या नाकातून काही सुटत नाही. नवरा उपेंद्र म्हणायचा, “नाक कंपनीचं आहे, घरी आणत जाऊ नकोस.” घर म्हणजे दुबईतल्या अल कुसैसचं भाड्याचं वन-बेडरूम. मुलगी मिहिका नऊ वर्षांची झाली तरी आई-बाबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपायची. तिला स्वतःची खोली हवी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

फ्लॅट मिळाला तो हमरियाच्याही पुढे, किनाऱ्यावरच्या एका गप्प गावात. एक मशीद, एक किराणा दुकान, आणि मोती काढणाऱ्यांची जुनी दुमजली घरं. भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडांच्या, वरून चुन्याचा गिलावा. त्यातल्या एका घराचे चार फ्लॅट केलेले. एजंट मधूनं घर दाखवताना प्रत्येक खोलीत ऊद जाळला होता. हुंगताना खोलीत दुसरा वास नको, हा फॅक्टरीतला पहिला नियम. मुग्धाला तो पाठ होता. पण समोरच्यानं पाहुणचार म्हणून लावलेला ऊद विझवा कसं म्हणायचं? ती भिडेखातर गप्प बसली.

“असं घर परत नाही मिळायचं, ताई,” मधू म्हणाला. “इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात किल्ली.”

राहायला गेल्यावर तिसऱ्या सकाळी मिहिकाच्या खोलीत वास आला. गटाराचा नव्हे, मेलेल्या उंदराचा नव्हे, मासळीचाही नव्हे. रात्रभर मिटून राहिलेल्या, न घासलेल्या तोंडाचा.

मुग्धानं आधी मिहिकाचं तोंड हुंगलं. मग गादी, मग न्हाणी. शेवटी भिंतीला नाक लावलं. छताजवळ ताटाएवढा भाग ओलसर होता, चिकट. स्टुलावर चढून तिनं वासाची कड पेन्सिलीनं आखली आणि शेजारी तारीख घातली. फॅक्टरीत पोत्यांवर घालते तशी.

दुसऱ्या दिवशी तो गोल कोरडा होता. वास खिडकीच्या वर आला होता. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या खाली.

“भिंतीला ओल असतेच,” उपेंद्र म्हणाला. “समुद्र शंभर पावलांवर आहे. मला तर कसलाच वास येत नाही बुवा.”

“मिहू, तुला येतो का गं?”

“नो, आई. इट्स जस्ट अ वॉल.”

तिनं तुमच्याकडे तक्रार केली. तुमचा माणूस आला, बूट न काढता खोलीभर फिरला, एकदा नाक ओढलं आणि हसला. “मॅडम, ये तो आपका खाना है. इंडियन मसाला. खलास.” कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहून तो निघून गेला. बारा वर्षं नाकावर पोट भरणाऱ्या बाईला तिच्याच स्वयंपाकाचा वास ओळखू येत नाही, असं तुमच्या कागदाचं म्हणणं आहे.

मग तिनं कापसाच्या बोळ्यानं भिंतीवरचा चिकटा टिपला, बोळा बाटलीतल्या पाण्यात बुडवला, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि फॅक्टरीच्या लॅबमध्ये नेली. लॅबमधली नबिला भाताच्या पेजेत आयोडीन टाकून बसली होती; पिठाची भेसळ अशीच पकडतात, पीठ असलं की निळं होतं. मुग्धानं त्या निळ्या पाण्यात बोळा पिळला.

पाच मिनिटांत निळा रंग उडाला.

“बाजी, इसमें थूका किसने?” नबिला हसत म्हणाली. पेजेतलं पीठ पचवणारी ती चीज लाळेत असते.

“बुरशीनंही होतं असं,” मुग्धा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. वाटायला हवं होतं.

नबिलानं बाटली उचलली आणि झटकन खाली ठेवली. तासभर बर्फात राहिलेली बाटली कोमट होती. तिनं थर्मामीटर बुडवला. सदतीस.

मुग्धा बेसिनवर वाकून ओकली. दुपारीच सुट्टी टाकून घरी आली.

भिंतीवर आता अकरा गोल होते. अकरावा मिहिकाच्या उशीला टेकला होता. तोही कोरडा.

ओला गोल कुठेच नव्हता.

शाळेतून येऊन मिहिका पलंगावर झोपली होती. एसी बावीसवर. तिचा डावा गाल ओला होता. कपाळापासून कानामागपर्यंतचे केस एकाच दिशेनं चापून बसले होते, गाय वासराला चाटते तसे. मुग्धानं ओढणीनं गाल पुसला. ओढणीचं ते टोक तिनं लगेच कात्रीनं कापून टाकलं.

तिनं उपेंद्रला फोन केला. “मी मिहूला घेऊन नबिलाकडे चाललेय.”

“एका वासापायी? स्वतःचं घर सोडून?”

“घर तुला ठेव. पोर मी नेते.”

भर दुपारी तिनं लेकीला गाडीत बसवलं. गाव मागे पडलं. हायवे लागला, ऊन, ट्रक, पेट्रोल पंप. मुग्धानं खोल श्वास घेतला. गाडीत वास नव्हता. शारजाच्या पहिल्या सिग्नलला तिनं आरशात पाहिलं.

मिहिका काचेला टेकून बसली होती. डोळे टक्क उघडे. जीभ बाहेर. ती काच चाटत होती. सावकाश, खालून वर.

“मिहू! काय करतेस?”

“नथिंग, आई.”

आणि परत जीभ काचेला लागली, जिथं थांबली होती तिथूनच.

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवताहेत. नबिलाच्या घरी तान्हं बाळ आहे. सही तुमची आहे, तेव्हा सांगा: या मुलीला आता कुणाच्या घरात न्यायचं? लेखी उत्तर द्या.