एन्नोरचा आवाज

अंबुजाला गजेंद्र आधी ऐकू आला... दिसला फार नंतर.

पासष्टच्या लढाईचे दिवस होते. मद्रासजवळच्या आवडी गावी, लष्कराच्या एका खोलीत मद्रासच्या किनाऱ्याचा नकाशा टेबलभर पसरलेला असे. किनाऱ्यावरच्या चौक्यांतून फोन येत, विमान कुठून आलं, किती उंचावर, कुठे चाललं. मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये राहणारी अंबुजा कानाला फोन लावून नकाशावर सोंगटी सरकवी आणि ती पाहून चंद्रमौळी साहेब विमानविरोधी तोफांना हुकूम देत.

एका दुपारी एन्नोरच्या चौकीवरचा माणूस बोलता बोलता पुटपुटला, "आई गं... भाजलं."

"काय भाजलं?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

पलीकडे आवाज एकदम खुलला—"तुम्ही मराठी?"

"मूळ तंजावरची. विमान सांगा."

"विमान नाही. चहा सांडला."

ती ओठ दाबून हसली. त्या दिवसापासून प्रत्येक खबरीच्या शेपटाला दोन शब्द जास्तीचे येऊ लागले. तो सांगलीचा, गजेंद्र. "सांगटलं नव्हे हो, सांगितलं," म्हणून तिला चिडवायचा.

"आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगटलंच म्हणतात. तुमचंच बिघडलं असेल की."

एन्नोरचा फोन दुसऱ्या मुलीने उचलला, की अंबुजाचं उगीचच बिनसायचं.

मग ती ढगाळ दुपार आली. दक्षिणेकडच्या चौकीने कळवलं—समुद्रावरून एक विमान, अगदी खालून, शत्रूचं दिसतंय. त्या वेळी आपलं कुठलंच विमान येणार नव्हतं. साहेबांनी तोफांचा फोन उचलला. तेवढ्यात एन्नोर वाजलं.

"आपलं आहे ते," गजेंद्रला धाप लागली होती. "डाकोटा. एक इंजिन बंद पडलंय, म्हणून खाली आलंय. शेपटीवरचा तिरंगा पाहिला मी."

तिने साहेबांना सांगितलं. ते थबकले. "दुसरी चौकी शत्रू म्हणते. ह्याचं कशावरून खरं?"

"पाहिल्याशिवाय ते बोलत नाहीत, सर."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"...आवाज ओळखते."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "थांबा. गोळी नको."

थोड्या वेळाने मीनंबाक्कम विमानतळावरून कळलं, डाकोटा कसाबसा उतरला होता. आत जखमी जवान होते. अंबुजाने ते गजेंद्रला कळवलं. एन्नोरचा फोन अजून कानाशीच होता.

"अंबुजा..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "एकदा भेटाल?"

रविवारी मांबलम स्टेशनवर तो उभा होता. सडपातळ, उन्हाने रापलेला, आणि फोनवर पोपटासारखा बोलणारा हा माणूस आता बुटांकडे बघत होता.

"बदली झाली," तो अखेर म्हणाला. "आसामला. परवा निघायचंय. म्हणून म्हटलं... विचारून टाकावं. तुम्ही नाही म्हणालात तरी—"

"मी नाही म्हणाले का?"

त्याने मान वर केली. तिचे डोळे हसत होते, आणि भरलेही होते.

"चला घरी. अप्पा आहेत."

"अप्पांना काय सांगू?"

"तुम्ही गप्प राहा. मी बोलते."

आणि ती बोलली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "अप्पा, हे गजेंद्र. ह्यांच्याशी मला लग्न करायचंय."

अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. घामेजलेल्या त्या तरुणाला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग लेकीकडे पाहिलं—फार वेळ. आणि बाकावर थोडे सरकले.

"उभे कां? बसा की."